फ्लॅट स्कीममध्ये 14 एप्रिलचा अग्निशमन स्मृतिदिन कसा करावा?

नागपुरातल्या त्रिमूर्तीनगर भागातून एका फ्लॅट स्कीमच्या सचिवांनी विचारलंय: "येत्या 14 एप्रिलला अग्निशमन दलाच्या जवानांचा सत्कार करायचा आहे. वीस जवानांना बोलवावं, शाल-श्रीफळ द्यावं, मुलांना बंब दाखवावा, संध्याकाळी मेणबत्त्या लावाव्यात आणि आवारात एक फलक बसवावा, असा बेत आहे. काही जण म्हणतात, खरा दिवस 4 मे आहे. काय बरोबर आणि कसं करावं?"

आधी तारखेचं. दोन्ही दिवस खरे आहेत, पण त्यांची मुळं वेगळी. 4 मे हा आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन. 1998 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वणवा विझवताना पाच स्वयंसेवक अग्निशामक गेले, त्यानंतर तो सुरू झाला. लाल-निळी फीत त्याच दिवसाची. आपला दिवस 14 एप्रिल. 1944 साली या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली आणि दुपारी चारनंतर साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने दोन महास्फोट झाले. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक त्यात गेले. म्हणून देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तुम्ही 14 एप्रिलच धरा.

त्या जहाजाबद्दल दोन गोष्टी तुमच्या सभासदांना जरूर सांगा, कारण पुढची सगळी आखणी त्यांच्यावर उभी आहे. जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटकं होती आणि सोबत कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. आग लागली ती कापूस आणि स्फोटकं एकत्र रचलेल्या कप्प्यात. कापसाच्या जिनिंग कारखान्यातली आग पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल: दाबून बांधलेल्या गाठीत पाणी आत शिरत नाही, वरून विझल्यासारखी दिसते आणि पोटात धुमसत राहते. जहाजात शेकडो टन पाणी सोडूनही आगीचं मूळ सापडलं नाही. दुसरं म्हणजे, स्फोटकं असल्याचा इशारा देणारा लाल बावटा जहाजावर लावलेला नव्हता. पोटात काय आहे याचा बाहेरून पत्ता लागणार नाही अशा जागेवर ती माणसं आग विझवत होती.

आता तुमच्या प्रश्नातली खरी अडचण. तुम्ही विचारलंय सत्काराबद्दल, पण हा दिवस गेलेल्यांच्या स्मरणाचा आहे, आणि ज्यांना तुम्ही बोलावताय ते त्या दिवशी ड्युटीवर आहेत. या दोन गोष्टी एकाच कार्यक्रमात कोंबल्या की स्मरणही नीट होत नाही आणि सन्मानही. मी अशा कार्यक्रमांच्या आखणीत पहिला प्रश्न हाच विचारतो: यातल्या कोणत्या गोष्टीने जवानाचं काम सोपं होतंय आणि कोणत्या गोष्टीने अडतंय?

नागपुरात तर तारखेचाच पेच आहे. 14 एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती. आदल्या मध्यरात्रीपासून संविधान चौक आणि दीक्षाभूमीच्या परिसरात गर्दी असते, वस्त्यावस्त्यांतून मिरवणुका निघतात, आणि अशा गर्दीच्या ठिकाणी बंब आणि जवान सज्ज ठेवावे लागतात. दलातल्या कित्येकांच्या घरी हा वर्षातला सर्वांत मोठा सण असतो, तरी ते ड्युटीवर उभे असतात. शिवाय सकाळी दलाचा स्वतःचा मानवंदनेचा कार्यक्रम असतो. राजनगरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात देशभरातले अधिकारी प्रशिक्षण घेतात. ही संस्था 1956 मध्ये रामपूरला सुरू झाली आणि 1957 मध्ये नागपुरात आली. म्हणजे त्या दिवसाला आपल्या शहरात एरवीपेक्षा जास्त वजन आहे, आणि त्याच दिवशी वीस जवान तुमच्या आवारात मागणं म्हणजे एकदीड अग्निशमन केंद्रच रिकामं मागण्यासारखं आहे. एप्रिल हा आगींचा हंगाम. भांडेवाडीचा कचरा, लकडगंजच्या आरा मशीन, मोकळ्या प्लॉटवरचं वाळलेलं गवत, तापलेले ट्रान्सफॉर्मर, सगळं एकाच महिन्यात पेटतं.

म्हणून माझा सल्ला असा: कार्यक्रमाचे दोन भाग करा. 14 तारखेला सकाळी फक्त तुमच्या रहिवाशांचं छोटं स्मरण, जवानांना न बोलावता. आणि 15 ते 20 एप्रिलमधला एखादा दिवस, केंद्र अधिकारी सांगतील तो, जवानांच्या भेटीसाठी. शक्य असेल तर त्यांना आवारात बोलावण्यापेक्षा तुम्हीच केंद्रावर जा. केंद्रावर कॉल आला तर ते मिनिटाभरात निघू शकतात. तुमच्या आवारातून निघताना गेटवरच्या गाड्या हलवण्यात वेळ जातो.

14 तारखेचं स्मरण पंचवीस-तीस मिनिटांत आटोपा. वेळ सकाळी सव्वासात. नागपुरात एप्रिलच्या मध्याला नऊ वाजता ऊन अंगाला लागायला लागतं आणि वयस्क मंडळी उभी राहू शकत नाहीत. पुष्पचक्र एकच असावं, स्टँडवर, आधीच नीट उभं केलेलं. ऐनवेळी फूलवाल्याची वाट बघत उभं राहणं फार वाईट दिसतं. आधी दोन-तीन मिनिटांत 1944 ची हकिगत, मग नावं, मग पुष्पचक्र, मग दोन मिनिटं स्तब्धता, शेवटी राष्ट्रगीत. भाषण ठेवू नका. नगरसेवक किंवा आमदार येणार असतील तर त्यांनी पुष्पचक्र वाहावं, माईक नाही.

स्तब्धतेत नेहमी गोंधळ होतो तो सुरुवात आणि शेवट कळत नसल्यामुळे. घड्याळ एकाच माणसाच्या हातात द्या. "आता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू" आणि "स्तब्धता संपली" ही दोन वाक्यं त्यानेच बोलायची. त्या वेळात साउंड सिस्टिम पूर्ण बंद, नाहीतर स्पीकरची घरघर ऐकू येते. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' (गेलेल्यांना मानवंदना देणारी धून) हवं असेल तर एनसीसीचा किंवा होमगार्डचा बिगुलवाला मिळतो का बघा. नाही मिळाला तर मोबाईलवरून वाजवा, पण फाइल आधी उतरवून ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. इंटरनेटवरून थेट लावलं की मध्येच जाहिरात लागते.

राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवू नका. ध्वजसंहितेनुसार तो निर्णय सरकारचा असतो, सोसायटीचा नाही. आणि परदेशी व्हिडिओ बघून सायरन किंवा विशिष्ट ठोक्यांची घंटा वाजवायचा मोह टाळा. आपल्याकडे घंटा आणि सायरनचा अर्थ एकच: निघा. शेजारच्या स्कीममधला कोणी घाबरून 101 ला फोन करेल.

नावं वाचण्याबाबत थोडं जास्त सांगतो, कारण चुकलं तर भरून न येणारी गोष्ट हीच. नावांची यादी वर्तमानपत्राच्या कात्रणावरून किंवा व्हॉट्सअॅपवरून करू नका. नागपूरच्या दलातले जे कर्तव्यावर गेले त्यांची यादी मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून लेखी मागा: पूर्ण नाव, पद, तारीख, ठिकाण. कोणाचं नाव घ्यायचं आणि कोणाचं नाही हे तुम्ही ठरवू नका. जखमी होऊन नंतर गेलेले, चालक, कंत्राटी कर्मचारी यांच्याबाबत हा प्रश्न येतोच आणि उत्तर दलानेच द्यायचं असतं. यादी तारखेच्या क्रमाने वाचा, पदाच्या क्रमाने नाही. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी मोठ्याने वाचून बघावी. एखाद्या आडनावाचा उच्चार शंकेचा वाटला तर केंद्रावर फोन करून विचारावं.

राज्यातली एक घटना सोबत सांगायला हरकत नाही. 9 मे 2015 ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली, इमारत कोसळली, आणि दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले: संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर. अमीन आणि नेसरीकर काही दिवस रुग्णालयात झुंजले. जुन्या इमारतीत आग लागली की नुसत्या ज्वाळांशी नाही, तर कमकुवत होत चाललेल्या खांब-तुळयांशीही गाठ असते, हे ऐकणाऱ्याला त्यातून कळतं.

गेलेल्या एखाद्या जवानाच्या कुटुंबाला बोलवायचं असेल तर किमान महिनाभर आधी, दलामार्फत, घरी जाऊन विचारा. फोनवर नको. आणि नाही म्हणाले तर पुन्हा आग्रह नको. आल्या तर जवानाच्या पत्नीला स्टेजवर उभं करून शाल देण्याची आपली पद्धत सोडा. पहिल्या रांगेत, सावलीत, सोबतच्या नातेवाइकांसह बसवा. पुष्पचक्र आधी त्यांनी वाहायचं का, हे त्यांनाच विचारा. जाण्यायेण्याची गाडी तुमची. अपघाताचे किंवा आगीचे फोटो फलकावर लावू नका. गणवेशातला जिवंतपणीचा फोटो कुटुंबाकडून घ्या. आणि स्टेजवरून मदतीची घोषणा करू नका. मदत करायचीच असेल तर नंतर शांतपणे विचारा, की निवृत्तिवेतन, विमा, अनुकंपा नियुक्ती यातलं काही कागदावाचून अडलंय का. तुमच्या स्कीममध्ये कोणी निवृत्त लेखाधिकारी किंवा वकील असतील तर त्यांचे दोन तास त्या घराला शालीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतील.

आता मेणबत्त्या. माझं स्पष्ट मत आहे, नकोत. एप्रिलच्या संध्याकाळी नागपुरात वावटळ उठते, मंडपाचं कापड सिंथेटिक असतं, मुलींच्या ओढण्या आणि मुलांच्या हातात कागदी कप. दीपप्रज्वलन हवंच असेल तर एक समई, मागच्या पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढे, आणि बाजूला एक अग्निशामक सिलिंडर घेऊन तो वापरता येणारा माणूस. फुगे लावणार असाल तर हायड्रोजनचे अजिबात नाही. स्वागत कमान गेटवर उभारू नका. मधून बंब जायचा तर किमान पाच मीटर मोकळी उंची हवी, आणि भाड्याच्या कमानी तेवढ्या नसतात. आगीत गेलेल्यांच्या स्मरणासाठी गेट अडवणं हे मला पाहवत नाही.

भेटीच्या दिवशी बंब आवारात येणार असेल तर जागा आधी मापून ठेवा. पाण्याने भरलेला बंब बारा-पंधरा टनांच्या घरात जातो. तो भूमिगत टाकीच्या स्लॅबवर, सेप्टिक टँकवर किंवा नुसत्या पेव्हर ब्लॉकवर उभा करू नका. स्लॅबचं डिझाइन माहीत नसेल तर बंब गेटबाहेर रस्त्यालगतच ठेवा. तोंड बाहेरच्या बाजूला. समोर काही नाही, खुर्च्यासुद्धा नाही. हार-तुरे घालायचेच असतील तर बोनेटवर एक. आरसे, काच, वरचा दिवा, मागचा पंप यांना काही बांधायचं नाही. मुलं चढतील तर एका वेळी चार, आणि खाली उतरवायला स्कीममधली दोन मोठी माणसं नेमलेली. कॉल आला की त्या दोघांचं काम एकच: मुलं उतरवून बाजूला घ्यायची, कोणी राहिलं नाही हे बघायचं, चालकाला हात दाखवायचा. निवेदकाने सुरुवातीलाच सांगून ठेवावं की जवान मध्येच निघून गेले तर कार्यक्रम थांबणार नाही, आणि त्यांच्या नावाने आणलेलं ताक-खाऊ नंतर केंद्रावर पोहोचेल. असं आधी सांगितलं की त्यांना संकोचत, माफी मागत निघावं लागत नाही.

पाण्याचा फवारा मारून दाखवा असा आग्रह मुलं करतील आणि पालकही करतील. करू नका. बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं आणि पंप पूर्ण जोराने चालला तर ते काही मिनिटांत संपतं. रिकामा बंब परत भरेपर्यंत तो कामाचा नाही, आणि तेवढ्यात कॉल आला तर दुसरं केंद्र धावणार. त्यापेक्षा कोट, हेल्मेट आणि पाठीवरचा श्वसनसंच मुलांना हातात घेऊ द्या. दहा-बारा किलोचा संच उचलून बघितला की ते लोक जिन्याने चौथ्या मजल्यावर काय नेतात ते मुलांना न सांगता कळतं.

अग्निशामक सिलिंडरचं प्रात्यक्षिक मात्र जरूर ठेवा. त्यासाठी तुमच्या स्कीममधले रिफिलला आलेले सिलिंडर वापरा, म्हणजे वेगळा खर्च नाही. सहा किलोचा पावडरवाला पंधरा-वीस सेकंदांत संपतो, हे माहीत नसल्यामुळे लोक लांबूनच दाबतात आणि आगीजवळ पोहोचेपर्यंत तो रिकामा होतो. पिन काढायची, वाऱ्याकडे पाठ करून दोन-तीन मीटरवर उभं राहायचं, ज्वाळेच्या बुडाशी मारायचं, झाडूसारखं डावीकडून उजवीकडे. पावडर श्वासात जाते, म्हणून दमेकरी आणि लहान मुलं वाऱ्याच्या वरच्या बाजूला. आजूबाजूचं वाळलेलं गवत आधी भिजवून घ्या. गॅस सिलिंडर पेटवून दाखवण्याचा प्रकार फक्त जवानांनी, त्यांच्या साहित्याने करायचा; तुमच्या वॉचमनने किंवा उत्साही तरुणांनी नाही. आणि प्रात्यक्षिक झालं की ते सिलिंडर त्याच आठवड्यात भरून भिंतीवर परत. हे हमखास राहून जातं, आणि भिंतीवर लाल रंगाचे रिकामे डबे लटकत राहतात.

भेटवस्तूंचं थोडक्यात. व्यक्तीला रोख रक्कम किंवा महाग वस्तू देऊ नका, ते सेवानियमांत अडकतात. केंद्राला वस्तू द्यायची तर दलाला पत्र देऊन, काय हवंय ते विचारून. उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय, विश्रांतीच्या खोलीतले पंखे, ओआरएसचे खोके, असं काही बहुतेक ठिकाणी लागतं. हेल्मेट, हातमोजे, बूट बाजारातून आणून देऊ नका. आगीत वापरायच्या साहित्याला ठरावीक मानक लागतं, आणि नुसतं चांगलं दिसणारं साहित्य उष्णतेत वितळून कातडीला चिकटतं. खाऊ न्याल तेव्हा त्या वेळी कॉलवर गेलेल्यांचा वाटा वेगळा ठेवा. आणि सत्कार फक्त फायरमनचा करून चालक, पंप चालवणारे आणि नियंत्रण कक्षात फोन घेणारे यांना विसरू नका.

फलक बसवायचा असेल तर ग्रॅनाइटवर कोरलेला, रंगवलेला नाही. रंग दोन उन्हाळ्यांत उडतो. स्वतःच्या आवारात आमसभेचा ठराव पुरतो, मनपाच्या बागेत बसवायचा तर मनपाची परवानगी. नावं कोरण्याआधी दलाच्या यादीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. तुमच्या बजेटचा मोठा हिस्सा या दिवशी तुमच्याच इमारतीवर खर्च करा. जहाजावर बावटा नव्हता. तुमच्या इमारतीत काय आहे हे दारात आलेल्या जवानाला कोण सांगणार? वॉचमनच्या केबिनमध्ये एक प्लॅस्टिकबंद पान लावा. त्यावर भूमिगत टाकी कुठे आणि किती लिटरची, फायर पंपची खोली आणि तिची किल्ली कोणाकडे, मुख्य वीज स्विच कुठे, गच्चीवर सोलर आहे का आणि त्याचा स्विच कुठे, ई-स्कूटर कुठे चार्ज होतात, व्यापारी गाळ्यात रंग, थिनर किंवा गॅसचा साठा आहे का, आणि कोणत्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. दर तीन महिन्यांनी हे पान बदला. वॉचमनला तीन कामं पाठ करवा: दोन्ही गेट उघडायचे, एक माणूस रस्त्याच्या वळणावर उभा करायचा, लिफ्ट कोणालाही वापरू द्यायची नाही.

मग त्याच सकाळी फायर पंप चालू करून बघा. बहुतेक ठिकाणी तो असतो, पण स्विच 'मॅन्युअल'वर पडलेला, बॅटरी उतरलेली, नाहीतर व्हॉल्व्ह गंजून बसलेला. सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट (आग विझवण्यासाठीचा नळ) उघडून पाणी येतं का ते बघा, होजबॉक्समध्ये होज आणि पितळी नोझल आहे का ते बघा. पितळ चोरीला जातं. जिन्यातल्या सायकली आणि चपलांची कपाटं हलवा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून नमुना 'ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. जानेवारीचं दिलंय का, हे फाइलमध्ये शोधा. धूर भरलेल्या जिन्यात वरच्या मजल्यावर गेलेल्या जवानाला पाणी मिळालं नाही तर तो मागे फिरतोच असं नाही, आणि धोका तिथेच असतो.

पत्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात द्या, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जवळच्या केंद्र अधिकाऱ्यांना. त्यात चार गोष्टी असाव्यात: तुम्ही 15 ते 20 एप्रिलमध्ये त्यांना सोयीच्या दिवशी केंद्रावर येऊ इच्छिता, सोबत साधारण किती मुलं आणि मोठी माणसं असतील, कॉल आल्यास भेट तिथेच थांबेल हे तुम्हाला मान्य आहे, आणि त्याआधी एकदा त्यांच्या माणसाने येऊन तुमचा गेट, टाकी आणि हायड्रंट पाहावा अशी विनंती. शेवटची विनंती मान्य झाली तर त्या दिवशी स्कीममधली सगळी वाहनं बाहेर काढून ठेवा, म्हणजे बंब वळतो की नाही ते प्रत्यक्षच दिसेल.